सहावी कल्पना

९ फेब्रुवारी, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटे. चित्रपटासाठी आलेल्या नऊ कल्पनांपैकी पाच ऐकून झाल्या होत्या. पाचवी सांगणारा बँकेतला कारकून घाम पुसत उभा होता. त्याच्या कथेत एक दरोडेखोर होता आणि त्या दरोडेखोराची बायको घोरत होती.

"दरोडा ऐकीव आहे," परीक्षक म्हणाले. "घोरणं मात्र अस्सल. घरचंच ना?"

कारकून लाजला. "सर, भिंती हलतात."

खोलीत हशा पिकला.

"मग दरोडा काढून टाका आणि भिंती हलवा. तुमचा चित्रपट तिथे आहे."

परीक्षकांचे शिक्षण तंत्रनिकेतनातले. यंत्र उघडून बिघाड शोधावा, तशी ते कथा उघडत. त्यांचा एक सिद्धांत होता: नवखा लेखक कितीही दूरचे बोलला, तरी पहिली कथा स्वतःच्या घरातलीच आणतो. त्या सकाळी पाचही जणांनी तो मुकाट्याने मान्य केला होता. शेजारी बसलेल्या निर्मातीने तर वाद घालणेच सोडून दिले होते.

सहावी मुलगी वीस-बावीस वर्षांची. तिने हातातला कागद पालथा ठेवला.

"दोन भाऊ आहेत, सर. बरीच वर्षं बोलत नाहीत. धाकट्याचं आता शेवटचं आजारपण आहे. थोरल्याला कुणी कळवलेलं नाही. त्याला आणण्यासाठी धाकट्याची मुलगी एकटीच धडपडते."

परीक्षकांनी पेनाला टोपण लावले.

त्यांना एक धाकटा भाऊ होता. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत होता. आईच्या माघारी घर विकण्यावरून शब्दाने शब्द वाढला, आणि अठरा वर्षे दोघांपैकी कुणी दुसऱ्याचा उंबरठा ओलांडला नव्हता. भावाला एक मुलगी होती. तेव्हा ती बोबडे बोलत असे. निर्मातीला यातले काहीच ठाऊक नव्हते.

"भांडण कशावरून?" परीक्षकांनी विचारले.

"ते अजून ठरवलं नाहीये, सर."

"आजार कोणता?"

मुलगी अडखळली. "तेही... नंतर सांगितलं तर चालेल?"

"थोरला काय करतो?"

"लोकांच्या चुका काढतो." मुलीने चटकन जीभ चावली. "म्हणजे शिक्षक वगैरे असेल."

निर्माती खळखळून हसली. परीक्षक हसले नाहीत.

"मुलगी त्याला कसं आणते?"

"तिथेच अडलंय, सर. पत्र लिहिलं तर तो वाचणार नाही. फोन घेणार नाही." तिने पालथा कागद पुढे सरकवला. "आता तुम्हीच काही सुचवा."



"तिने त्याच्यासमोर जाऊन उभं राहावं," परीक्षक म्हणाले. "ओळख सांगू नये. परक्याची गोष्ट सांगावी तशी सांगावी. बाकीचं त्याचं त्याला उमजेल."

"आणि उमजल्यावर तो जाईल?"

"जाईल."

"लगेच? खोटं वाटेल, सर. इतक्या वर्षांचा ताठा असा कसा जाईल?"

"ताठा कधीच गेलेला असतो, पोरी. निमित्त मिळत नसतं."

ते उठले. "उरलेल्या तीन तुम्ही ऐका, बाई."

"अहो, निघालात कुठे? आणि हिचं काय करायचं?"

"हिला घ्या."

मुलीचे डोळे भरून आले. "सर, बाबा घरी वाट बघतायत. त्यांना केवढं बरं वाटेल!"

"निघालोच," परीक्षक म्हणाले.

टॅक्सीत त्यांनी भावाशी बोलायचे पहिले वाक्य तीनदा जुळवले आणि तीनही वेळा, संवाद कृत्रिम आहे म्हणून, रद्द केले. जिना चढून त्यांनी घंटा वाजवली.

दार एका उंच, चष्मा लावलेल्या तरुणीने उघडले. तिला त्यांनी ओळखले नाही.

"कोण हवंय आपल्याला?"

 तिने त्यांना निरखून पाहिले आणि आत हाक मारली, "बाबा, कुणीतरी आलंय. नाक थेट तुमच्यासारखं आहे."

"तसं नाक जगात एकाच माणसाला आहे," आतून खणखणीत आवाज आला. पाठोपाठ भाऊ आला. अर्ध्या गालावर दाढीचा फेस होता. दारात पाहून तो जागच्या जागी थबकला.

"दादा?"

"तू उठून कशाला आलास?" परीक्षकांनी चौकट घट्ट धरली. मग त्यांची नजर तरुणीकडे गेली. "ही तुझी मुलगी? मग सकाळी आलेली ती कोण?"

"सकाळी कोण आलं होतं? आधी आत ये." भावाने फेसाळल्या हातानेच त्यांचा दंड धरून त्यांना आत ओढले आणि खुर्चीत बसवले. दंड मात्र सोडला नाही.

"पण तुझी तब्येत?"

"मला काय धाड भरलीय? कालच रक्तदाब तपासला. एकशे वीस, ऐंशी."