पाचवा चिमटा

आमच्या घरात माणसं पाच आणि बाथरूम एक, म्हणून मी ऑफिसातल्या कॉम्प्युटरांचा बहुमताचा नियम घरी आणला. प्रत्येकाचं मत म्हणजे कपड्यांचा एक चिमटा. ज्याच्या टॉवेलला तीन लागले तो आत. एखादा झोपून राहिला तरी बाकीच्यांचं अडत नाही. आई मात्र आपला चिमटा मागेल त्याला देऊन टाकायची आणि सगळ्यांत शेवटी आंघोळ करायची. आज तिने तो स्वतःच्याच टॉवेलला लावला. "माझा नोकरीचा पहिला दिवस आहे." मी माझाही तिला दिला. बाबांकडे त्यांचा आणि दादाचा. बाथरूम रिकामं, आई-बाबा दोन-दोन चिमटे घेऊन दारात उभे. पाचवा घोरणाऱ्या आजोबांच्या सदऱ्याला होता. बाबांनी त्यांना हलवलं. "अण्णा, मत द्या ना." आजोबांनी पडल्यापडल्याच चिमटा काढून आईपुढे धरला. "झोपलो नव्हतो, सूनबाई. मतदान गुप्त असतं म्हणून डोळे मिटले होते."