निखिलरावांचं अळू

सोसायटीचे सेक्रेटरी पाठारे अळूची जुडी घेऊन दारात उभे होते. "वहिनी, निखिलरावांच्या वाफ्यातली पहिली तोडणी. घरच्यांचा मान!"

 गच्चीवरच्या बागेला हल्ली विकतचं खत लागत नसे. इमारतीत कुणी वारलं की यंत्रात महिन्याभरात त्याच्या देहाचं खत होई आणि त्याच्या नावाच्या वाफ्यात पडे. निखिलचं अळू सगळ्यांत जास्त माजलं होतं. जन्मभर केतकीला बडवणाऱ्या त्याच्या पंजांसारखीच रुंद, जाड पानं. खाजरीही असणार मेली!

तिने जुडी दोन बोटांत, लांब धरली.

"आणि काळजी करू नका," पाठारे मायेने म्हणाले, "नवराबायकोला वाफा एकच असतो. तुमची जागा त्यांच्यातच राखून ठेवलीय."

केतकी मोरीपर्यंत पोचलीच नाही. सगळं त्या पानांवरच ओकली.