शेगडीची नळी

शेणाच्या टाकीत रत्नपालनं दोन लोखंडी कांड्या सोडून बॅटरीचा हलका करंट दिला आणि मावशीचा, पार्वताबाईचा, गोबरगॅस दुप्पट झाला. "करंटच्या गॅसवरचा भात खाऊ नोको," असं सारं गाव म्हणू लागलं. "मंग तुम्ही खा धूर," म्हणून तिनं सगळ्यांना वाटेला लावलं.

आज भरदुपारी नळी बदलायची म्हणून रत्नपालनं बॅटरीच्या तारा काढल्या, टाकीचा कॉक बंद केला आणि रबरी नळी शेगडीपासून ओढून काढली.

शेगडीवरची निळी ज्योत तशीच जळत राहिली.

"मावशी, ऊठ! टाकीच बुजवून टाकू."

"काऊन? माझा भात शिजून राहिला ना."

त्याच्या हातातली नळी हवा आत ओढत होती. पार्वताबाईनं ती हिसकावली आणि नळीच्या तोंडावर अंगठा दाबला. ओढ थांबली.

मग नळीच्या आतून कुणीतरी अंगठा टेकवला. ओला, मऊ, आणि तिच्या अंगठ्याइतकाच गरम.

तिचा चेहरा पाहून रत्नपाल दारापर्यंत मागे सरकला. "सोड ना, मावशी!"

आतला अंगठा जोर करू लागला. पार्वताबाईनं पदर खोचला, पाय रोवले आणि दुसऱ्या हातानंही नळी आवळली.

"मी कायले सोडू? घर माझं हाये. सोडायचं त्यानं!"