पाणी आणि दोर

"उणे नऊ मोठे," धनीबाई बसमध्ये पुन्हा म्हणाली आणि शेजारच्या हेमलताने कपाळाला हात लावला.

"माय, आते पेपर शे तुना! मोठे उणे चार!"

मायलेकी धरणगावला निघाल्या होत्या. हेमलता मागच्या वर्षीच आठवी पास झाली होती. तिची आई आज त्याच आठवीच्या गणिताला बाहेरून बसणार होती. बाकीचे विषय सुटले होते, गणित तेवढं दोनदा राहिलं होतं. आजही राहिलं तर आईचं दप्तर माळ्यावर जाणार, हे हेमलताला माहीत होतं.

पण धनीबाईला पटेल तर ना! "अभिमनभाऊनी विहीरनं पानी नऊ हात खाले, आपलं चार हात. मंग मोठी विहीर कोनती? खोल शे तीच ना वं?"

"बरोबर बोलनी बाई," पुढच्या सीटवरचे सुपडूआबा वळून म्हणाले. "खोल तीच मोठी." मागच्या दोघीतिघींनीही माना डोलावल्या. हेमलता एकटी पडली.

"विहीर सोड माय. पानी सांग. वर कोनतं शे?"

"आपलं."

उत्तर तोंडातून गेलं आणि धनीबाई थबकली. पाणी आपलं वर. वर ते मोठं. मग ते नऊ? ते नऊ तर बादली सोडताना तळहातातून सरसरत जातात.

"हेमे, ते पुस्तकमधलं केवलमूल्य, उणेनं चिन्ह काढीसन ऱ्हास ते... तो दोर शे का वं? नुसता दोर?"

"हां माय! दोर!"

"दोर कधी उणा ऱ्हास का!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की कंडक्टरचं बोट मशिनवरच राहिलं.

"अवं, पन मोठं कोनतं मंग?" सुपडूआबा गोंधळले.

"आबा, पानी मोजतस का दोर, ते पहिले सांगा!"

सगळी बस हसली. आबाही हसले.

धरणगाव आलं. धनीबाई पदर खोचून दारातल्या पायरीवर उभी राहिली. मागून हेमलताने शेवटचा प्रश्न टाकला, "माय, उणे एक मोठा का शून्य?"

धनीबाईने पायरीवरून खाली उडीच मारली. धूळ उडाली. तिने जमिनीवर पाय आपटला.

"शून्य! ह्यावर तं उभी शे मी."