आईचा आकडा

दुपारी नीहारने घरच्या ग्रुपवर टाकलं, "आईचे आज बहात्तर घास! अख्ख्या घरात पहिला नंबर." खाली टाळ्यांची रांग लागली.

तेव्हा सांगलीत त्याची आई, प्राजक्ताबाई, मोरीशी वाकून बसल्या होत्या. सकाळचा भात वर आला होता, शितं जशीच्या तशी. वर आलेला घास त्या बऱ्याचदा पुन्हा गिळत. घरातल्या सगळ्यांसारखी नीहारने त्यांच्याही गळ्याला लावलेली पट्टी फक्त गिळणं मोजून मोबाइलवर आकडा पाठवायची; एकच घास तीनदा गिळला की तीन.

पट्टी लावल्यापासून "आई, जेवलीस का?" असं कुणी विचारत नव्हतं. विचारायचं कशाला, मोबाइलवर दिसतंच होतं.

एकदा त्यांनीच फोन केला. "अरे, घास खाली उतरतच नाही. गळ्यातच कुठेतरी साठतो बघ."

"आई, आकडा वाढतोय तुझा. उगाच मनात काही आणू नकोस."

त्यांनी फोन ठेवला, तो पुन्हा केला नाही. पाटल्या हातातून गळून पडायला लागल्या, तशा काढून डब्यात ठेवल्या.

दिवाळीला नीहार आला, तो त्यांना उचलून थेट दवाखान्यातच घेऊन गेला.

"गळ्यात पिशवी झालीय," डॉक्टर म्हणाले. "उतारवयात होते कधीकधी. अन्न तिथेच अडकतं, पोटात जातच नाही. वेळेवर आणलं असतं तर इलाज होता हो. किती दिवस उपाशी आहेत या?"

"उपाशी? अहो, आज सकाळपासून चाळीस घास झालेत!" नीहारने मोबाइल पुढे धरला.

खाटेवर प्राजक्ताबाईंनी कोरडा आवंढा गिळला.

मोबाइल बोलला, "एक्केचाळीस! शाब्बास, आई!"