राखणदाराचा निरोप

चिपळूणमध्ये पुराचं पाणी चढू लागलं की 'राखणदार' नावाची संगणकप्रणाली घराघरांतल्या माणसांना नावाने हाक मारून उठवी. आता नवी प्रणाली आली होती आणि जुनी समूळ संपवायची होती. आज्ञा टाइप करून एंटर दाबलं की राखणदाराला परत आणणं कुणालाच शक्य नव्हतं. हे काम त्याला घडवणाऱ्या सुलभाताई खेडेकरांकडेच आलं.

आज्ञा लिहून झाली, पण त्यांचं बोट पुढे जाईना.

"ताई, जरा थांबता?" राखणदारानेच विचारलं. "गोवळकोटच्या झैनब चाची नुसत्या नावाने उठत नाहीत. त्यांना 'अम्मी, पाणी आलं' म्हणावं लागतं. नव्याला तेवढं शिकवतो."

सुलभाताई थांबल्या. थोड्या वेळाने तो म्हणाला, "शिकला. पण आवाज जरा कोरडा आहे त्याचा."

"तुझाही होता रे सुरुवातीला," त्या म्हणाल्या. "लोकांशी बोलून बोलून गोड झाला."

"मग त्याचाही होईल. दाबा आता. नदी आज शांत आहे."

त्यांनी पडद्यावरून हात फिरवला आणि एंटर दाबलं. पडदा काळा झाला. सुलभाताई उठून खिडकीशी गेल्या आणि कितीतरी वर्षांनी स्वतःच्या डोळ्यांनी वाशिष्ठीचं पाणी पाहत उभ्या राहिल्या.