अठरा किलोंचं कौतुक

टेलरवहिनींनी दोन वर्षं रोज पहाटे तासभर पायपीट केली, बिनसाखरेचा चहा घशाखाली ढकलला आणि अठरा किलो वजन उतरवलं. स्वतःचेच कपडे तीनदा उसवून आत घेतले. पण माप द्यायला येणारी प्रत्येक बाई एकच विचारायची, "वहिनी, वजन उतरवायचं इंजेक्शन कुठलं घेताय?"

"अहो, चालून कमी केलंय!"

"सांगायचं नसेल तर राहू दे."

आज थोरल्या जाऊबाईंनीही तेच विचारलं आणि वहिनींचं डोकंच फिरलं. तोंडातल्या टाचण्या काढून त्या फणकारल्या, "हो, घेते इंजेक्शन! दर रविवारी, माझ्या हातानं!"



जाऊबाईंचे डोळे भरून आले. "बाई गं! स्वतःला सुई टोचून घ्यायची म्हणजे काय खायचं काम आहे? खरंच, किती मेहनत घेतलीस!"